चार तळवे आणि एक मावशी

संपादकांचा निरोप आला, ‘तात्या, भोसरीच्या प्रेस शॉपमधल्या तुमच्या छत्तीस वर्षांवर लिहा.’ छत्तीस वर्षांवर काय लिहायचं? सकाळी पत्रा सरळ यायचा, संध्याकाळपर्यंत आम्ही तो वाकवायचो आणि स्वतः वाकून घरी जायचो. झालं लिहून. त्यापेक्षा मी त्या तेरा भागांवर लिहितो, ज्यांनी माझी छत्तीस वर्षं भंगारात काढली.

मालिकेचं नाव ‘साचा दोन मनांचा’. हे नाव मीच सुचवलं अशी आमच्या चिखलीत अफवा आहे. ती मीच पसरवली होती, मालिका सुरू व्हायच्या आधी. आता सर्वांसमक्ष परत घेतो.

दोन तरण्या पोरांच्या प्रेमाची मालिका. दोघं कारखान्यात काम करतात आणि एकमेकांवर प्रेम करतात. वाचताना कोणाच्या भुवया वर गेल्या असतील तर त्यांनी त्या खाली घ्याव्यात. माझी त्या प्रेमाबद्दल तक्रार नाही. तक्रार ही आहे की तेरा भागांत ते मला कुठे सापडलं नाही. चष्म्याचा नंबर वाढवून आलो, तरी नाही.

आणि मला ते ओळखता आलं असतं, कारण मी ते पाहिलेलं आहे. रोज आठ तास, वर ओव्हरटाइम.

त्या दोघांची नावं इथे सुदाम आणि विलास अशी ठेवतो. खरी वेगळी आहेत. त्यांनी हा लेख छापायच्या आधी वाचला आहे. एकदा मी त्यांना न विचारता बोललो होतो, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. या वेळी विचारून लिहितोय. विलासनं एकच अट घातली: ‘तात्या, बटणांचं नीट समजावून सांगा. त्या गाढवांनी वाट लावली त्याची.’

तर बटणांचं.

आमची मोठी प्रेस म्हणजे दुमजली घराएवढं धूड. वर लोखंडाचं डोकं, खाली साचा. मधे पत्रा ठेवायचा, डोकं खाली येतं, आणि पत्र्याचं मोटारीचं दार होऊन बाहेर पडतं. ती आपटायची तेव्हा चिखलीत लोकांना भिंतीवरचे देव सरळ करावे लागायचे आणि दिघीच्या बाजूला लष्कराचे जवान उगाचच सावध उभे राहायचे. या प्रेसवर दोन माणसं लागतात. पुढचा पत्रा ठेवतो, मागचा तयार माल ओढून घेतो. दोघांच्या बाजूला एकेक खांब, आणि प्रत्येक खांबावर दोन मोठी बटणं, खांद्याएवढ्या अंतरावर. पुढच्यानं दोन्ही तळवे आपल्या दोन बटणांवर ठेवायचे, मागच्यानं आपल्या दोन. चारही तळवे एका वेळी बटणांवर असतील तरच डोकं खाली येतं. एक जरी तळवा उचललेला असेल तरी जागचं हलत नाही. का, तर ज्याचा तळवा बटणावर आहे त्याचा हात साच्यात नाही. साधी गोष्ट आहे. कोणीतरी कधीतरी हात गमावला असेल, मग कोणाच्या तरी डोक्यात आली असेल.

सुदाम राजगुरुनगरकडचा, म्हणजे खेडचा, शेतकऱ्याघरचा, आवाज प्रेसच्या वर. विलास चिपळूणकडचा, महिन्यातून चार वाक्यं बोलणारा, त्यातली दोन मासळीबद्दल. सुदामच्या गळ्यात माळ, त्याला सुकटीचा वासही सहन व्हायचा नाही. विलासला रविवारी सुकट नसेल तर सोमवारी त्याच्या हातून पत्रा वाकडा पडायचा. असे हे दोघे एका प्रेसवर समोरासमोर आले आणि पुढे एका खोलीत राहायला लागले. कंपनीत चारपाच जण मिळून खोली घ्यायची पद्धतच होती, कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. विलास रविवारी सुकट भाजायचा ती गॅलरीत, शेगडीवर, दार बाहेरून ओढून घेऊन. सुदाम आत नाकाला पंचा बांधून त्याच्यासाठी तांदळाच्या भाकरी थापायचा. मी समोर बसून हे पाहिलंय आणि तरीही मला वाटलं, काटकसर चाललीय.

मग तो दिवस आला, ज्याबद्दल मी कधी बढाई मारली नाही.

माल रात्रीच्या आत निघायचा होता आणि आम्ही मागे पडलो होतो. अशा वेळी प्रेस शॉपमध्ये एक चोरटी युक्ती करतात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा घ्यायचा आणि एका खांबावरची दोन्ही बटणं दाबलेल्या अवस्थेत बांधून टाकायची. मग त्या माणसाचे हात मोकळे, पत्रा पटापट बसतो, आकडा वाढतो. फोरमनला हे दिसतं. फोरमन त्या वेळी छताकडे बघतो. मी फोरमन होतो. मी छताकडे बघितलं. इतकंच नाही, मी म्हणालो, ‘आजचा दिवस काढा रे.’

विलासची बटणं बांधलेली होती. पत्रा जरा तिरका बसला म्हणून त्यानं तो सरळ करायला हात घातला. मागून सुदामला वाटलं, झालं. त्यानं आपले दोन तळवे ठेवले.

विलासची उजव्या हाताची दोन बोटं गेली. खाली आणलं ते सुदामच्या तळव्यांनी, पण बांधलं होतं ते माझ्या जिभेनं.

सुदामनं ती बोटं स्वतःच्या डब्यात घातली, गेटबाहेरच्या रसवंतीतून बर्फ उचलला आणि आम्ही टेम्पोतून दवाखान्यात गेलो. बोटं काही बसली नाहीत. तिथल्या खिडकीवर कारकुनानं फॉर्म पुढे केला. ‘पेशंटचं नाव? सोबत कोण? नातं?’

सुदाम, ज्याचा आवाज प्रेसच्या वर, तो गप्प. कारकुनानं पुन्हा विचारलं, ‘अहो नातं काय? नातेवाईक नसाल तर बाहेर बसा.’ सुदामनं माझ्याकडे बघितलं. तसं बघणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी एका दमात म्हणालो, ‘मावसभाऊ. सख्खे मावसभाऊ आहेत. एका ताटात जेवलेत.’

त्याला आत सोडलं. विलास शुद्धीवर आला तेव्हा मी दारात होतो. त्यानं बँडेजकडे बघितलंही नाही. म्हणाला, ‘सुदाम, तुझे हात बरे आहेत ना?’

बस. त्या दिवशी मला कळलं. फोरमनला सगळं उशिरा कळतं.

आता खोटं बोलल्यावर ते सांभाळावं लागतं, आणि त्या कामात मी तज्ज्ञ. दुसऱ्या दिवसापासून लोक विचारायला लागले, ‘तात्या, एक खेडकडचा, एक चिपळूणचा, मावसभाऊ कसे?’ मी मावशी तयार केली. सुदामच्या आईची धाकटी बहीण. तिला चिपळूणला दिली. नवरा एस. टी.त कंडक्टर केला. तिला दमा दिला, कारण सुट्टीला कारण लागतं. दोघांना एकदम चार दिवस कुठे जायचं असलं की मावशीचा दमा उसळायचा. मावशीची पत्र्याची पेटी, मावशीचा एकच डोळा तिरळा, मावशीनं एकदा पुरात म्हशीच्या पाठीवर बसून नदी ओलांडली, हे सगळं मी पुरवलं. मावशी कंपनीत इतकी लोकप्रिय झाली की युनियनचा सेक्रेटरी तिच्यासाठी काढ्याची बाटली घेऊन आला. आमच्या हिनं तिला खण-नारळ पाठवला. तो खण मी कपाटामागे लपवला, नारळ फोडून खाल्ला.

शेवटी मावशीचं वय इतकं झालं की तिला मारणं भाग पडलं. दोघं रिटायर झाले, दिघीला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, आणि मी ती बातमी तिकडे कळवली. त्यांच्या सोसायटीनं फळ्यावर लिहिलं, ‘कै. मावशींना भावपूर्ण श्रद्धांजली.’ सोसायटीचा सेक्रेटरी फोटो मागायला आला तेव्हा आम्ही तिघं तीन दिशांना बघत होतो.

फ्लॅट सुदामच्या नावावर, कारण कर्ज त्यालाच मिळालं. पैसे दोघांचे, पण कागदावर एकच नाव. सुदामचा एक पुतण्या खेडला असतो. दिवाळीला येतो, फराळ खातो आणि जाताना फ्लॅटच्या भिंती हातानं चाचपतो. सुदामला काही झालं तर विलासला दुसऱ्या दिवशी बॅग भरायला लागेल, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. म्हणून सोसायटीत वारसाचा फॉर्म भरला. वारस विलास. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, ‘चालत आलंय तेच लिहा. मावसभाऊ.’

इथवर सगळं ठीक होतं. मग मी शूटिंगच्या नादी लागलो.

रिटायर झालेल्या फोरमनला घरात कोणी फोरमन मानत नाही. चाकणला एका ओळखीच्या मालकाची शेड बंद पडली होती, आत एक जुनी प्रेस चालू अवस्थेत. त्या शेडची चावी माझ्याकडे. शूटिंगवाल्यांना कारखाना हवा असला की मी कुलूप उघडून द्यायचो, वर दोन गोष्टी सांगायचो. ‘साचा दोन मनांचा’वाले आले आणि त्यांनी मला ‘तांत्रिक सल्लागार’ केलं. म्हणजे एक खुर्ची दिली.

त्यांच्यात मुक्ता नावाची लेखिका होती. वही घेऊन फिरायची, ऐकायची. एके दिवशी चहा पिताना तिनं विचारलं, ‘काका, तुमच्या कारखान्यात असं कधी कोणी होतं का हो? खरंखुरं?’

आता मला सांगा, ज्या माणसानं अख्खी मावशी हवेतून उभी केली, त्याच्या हातात खरी गोष्ट असताना तो गप्प बसेल? मी बसलो नाही. सगळं सांगितलं. प्रेस, बटणं, ट्यूब, बोटं, मावशी. नावं तेवढी गिळली. मुक्ता लिहीत होती, मग लिहायची थांबली आणि नुसती ऐकत राहिली. मला फार भारी वाटलं.

मी तिला सांगितलं, ‘बाई, बाकी काही घेऊ नका, एवढंच घ्या. बोटं गेलेला तीन महिन्यांनी परत आला, त्याच प्रेसवर. त्यानंतर दुसऱ्यानं कधी त्याच्या डोळ्यांत बघितल्याशिवाय तळवे ठेवले नाहीत. आधी बघायचं, समोरच्यानं हनुवटी हलवायची, मग चार तळवे. शिफ्टला हजारभर वेळा. वर्षानुवर्षं. तुमच्या मालिकेत हे दाखवा, दुसरं काही दाखवू नका.’

ती म्हणाली, ‘पहिला सीन हाच.’ बिचारीनं लिहिलाही. मी कागद पाहिला होता.

दिग्दर्शकाला तो आवडला नाही. दिग्दर्शक म्हणजे एक टोपी आणि तिच्याखाली दाढी. तो म्हणाला, ‘काका, इथे रोमान्स कुठाय? दोघं दोन टोकांना! मला ते जवळ पाहिजेत. हा असा पत्रा ठेवतो, तो तिकडून असा हात घालतो, साच्याच्या बरोब्बर मध्ये बोटांना बोटं लागतात, वरून गुलाबाच्या पाकळ्या, आणि मागे मशीन चालू.’

‘मशीन चालू?’

‘हां, धाडधाड. पॅशन!’

‘अहो, साच्यात हात असताना ती खाली येत नाही. बटणं—’

‘बांधून टाका ना काका! तुम्हीच सांगितलंत ना, ट्यूबनं बांधता येतात म्हणून.’

मी सांगितलं होतं. तोंडाला कुलूप नसलेला माणूस.

त्याच्या हेल्परनं ट्यूब आणलीसुद्धा. सायकलचीच. दोन गोरीगोमटी पोरं, नखं माझ्या सुनेच्या नखांपेक्षा स्वच्छ, साच्याच्या दोन्ही बाजूंना उभी. पाकळ्यांची टोपली घेऊन एक जण शिडीवर. तेलकट साच्यावर पाकळ्या! मी खुर्चीतून उठलो, मेन स्विचपर्यंत गेलो आणि स्विच खाली ओढला. शेडमध्ये अंधार. चाळीस माणसं ओरडायला लागली. मी फ्यूज काढून खिशात टाकला आणि त्या टोपीला म्हणालो, ‘तुला पॅशन पाहिजे ना? ती दिघीला राहते. आठ बोटं आहेत तिला. जा, मोजून ये.’

त्यातला ‘दिघीला’ हा शब्द माझ्या तोंडून जायला नको होता. पण गेला.

शेवटी त्यांनी बंद मशीनवरच शूटिंग केलं आणि डोकं खाली येतंय असं कॉम्प्युटरवर चिकटवलं. माझी खुर्ची काढून घेतली. मुक्तानं जाताना माझा हात धरला. म्हणाली, ‘काका, माझं नाव पाट्यांमध्ये येईल, पण बघू नका.’ पोरगी गुणी होती.

मी बघितलं. शनिवार-रविवार, संध्याकाळी सात वाजता, आमच्या हिच्या शेजारी बसून.

काय सांगू. एक नायक मालकाचा मुलगा, परदेशातून आलेला. दुसरा कामगार, पण त्याचे दंड बघता तो पत्रा हातानंच वाकवत असावा. दोघं एकमेकांकडे बघतात. पहिल्या भागात बघतात, दुसऱ्या भागात बघतात, तिसऱ्या भागात काचेतून बघतात. बघणं आमच्याकडेही होतं, पण त्याला कारण होतं. न बघता तळवा ठेवला तर माणूस कापला जात होता. हे नुसतेच बघतात, आणि केस उडतात. प्रेस शॉपमध्ये वारं! आमच्या शॉपमध्ये एकच पंखा होता आणि तो भट्टीतून उसना घेतल्यासारखी हवा फेकायचा. तेरा भागांत दोघांच्या अंगाला तेलाचा एक ठिपका नाही. कोणी डबा उघडत नाही. कोण काय खातं, कोणाला कशाचा वास आवडत नाही, कोण कोणासाठी नाकाला पंचा बांधतं, काही नाही. शिफ्ट कधी बदलते कोणाला पत्ता नाही. सगळेच कायम सोनेरी उन्हात. प्रेम करायला या पोरांना वेळ होता, फक्त कोणावर करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. सहाव्या भागात हाताला हात लागला, तो साच्यात, पाकळ्यांसकट. आमची ही म्हणाली, ‘अहो, यांची बोटं कशी नाही तुटत?’ मी म्हटलं, ‘तुटली असती तर मालिका बरी झाली असती.’

आणि आठव्या भागात दार वाजलं. नायकानं दार उघडलं. दारात एक बाई. चिपळूणची. पत्र्याची पेटी, दमा, एक डोळा तिरळा.

माझ्या हातातला चहा सांडला.

माझं सगळं टाकून देऊन त्यांनी मावशी तेवढी ठेवली होती! चॅनेलवाल्यांना सोफ्यावर बसून रडणारी बाई लागते, ती त्यांना माझ्याकडून आयती मिळाली. आठ, नऊ, दहा, तीन भाग मावशीच. म्हशीच्या पाठीवरून नदी ओलांडल्याचंही तिनं सांगितलं, वरून संगीत. दोघं प्रेमी मागे उशांसारखे बसलेले.

आमची ही पडद्याकडे बघत होती, मग माझ्याकडे. ‘अहो, ही अगदी आपल्या सुदामभाऊजींच्या मावशीसारखी आहे.’

मी सांडलेला चहा पुसायला घेतला.

‘म्हणजे मी खण पाठवला तो…’

कपाटामागून खण काढून दिला. एकवीस वर्षांनी. त्या रात्री मला जेवायला काय मिळालं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पण मला भीती हिची नव्हती. दिघीत त्याच वेळी तीच मालिका लागलेली असणार. कारण मीच फोन करून सांगितलं होतं, ‘आपल्या प्रेसवरची मालिका आहे, मी सल्लागार आहे, बघा.’ आता त्यांना कळलं असणार की तात्यानं त्यांची जन्माची गोष्ट एका टोपीला चहाबरोबर दिली. मी फोन केला नाही. त्यांचाही आला नाही. तीन आठवडे. छत्तीस वर्षांत इतकी शांतता मी फक्त लोड-शेडिंगमध्ये ऐकली होती.

शेवटच्या भागाच्या दिवशी सकाळी फोन वाजला. सुदाम.

‘तात्या, शेवटचा भाग आमच्याकडं बगायचा. वयनींना बी आना.’

‘सुदाम, ऐक, मी—’

‘या म्हनतो ना.’ आणि ठेवला.

गेलो. विलासनं दार उघडलं, माझ्याकडे न बघता हिला म्हणाला, ‘या वहिनी.’ मला खुर्ची दाखवली, टी.व्ही.पासून लांबची. भाग सुरू झाला. मालकाचा मुलगा जर्मनीला निघालाय, मावशीनं शपथ घातलीय. कामगार गेटवर हात हलवतो. ‘आपण कायम मित्र राहू.’ केस उडतात. समाप्त.

विलासनं टी.व्ही. बंद केला.

‘हात हलवतो,’ तो म्हणाला. ‘तेरा भाग बघितले, ह्यासाठी?’

‘मी त्यांना नीट सांगितलं होतं रे,’ मी म्हणालो. ‘तळव्यांचं सांगितलं होतं. शपथेवर.’

‘तुमाला इचारलं कुनी हुतं सांगायला?’ सुदामचा आवाज एकदम प्रेसच्या वर गेला. ‘आं? तीस वर्सं आमी त्वांड दाबून हाय, आन् तुमी च्या पिता पिता! सिरेल भिकार हाय म्हनून वाचलो. कुनाला वळखू आलं न्हाई. पर मावशी? मावशी आख्खी दिली तुमी!’

मी मान खाली घातली. बोलायला काही नव्हतं. हे माझ्या बाबतीत दुर्मिळ आहे, आमच्या हिनं नंतर कॅलेंडरवर खूण केली.

‘पुतण्याचा फोन आला होता,’ विलास शांतपणे म्हणाला. ‘नववा भाग झाल्यावर. हसत होता. म्हणाला, काका, ती टी.व्ही.तली बाई तुमचे सोसायटीवाले सांगतात त्या मावशीसारखीच आहे की. मग म्हणाला, पण आज्जीला तर बहीणच नव्हती ना?’

आता मला समजलं मला का बोलावलंय. सुदामची आई एकुलती एक. पुतण्याला घरातलं सगळं माहीत. सोसायटीच्या फॉर्मवर ‘मावसभाऊ’ लिहिलेलं. उद्या सुदामच्या माघारी तो पुतण्या एवढंच म्हणेल, हे नातं खोटं आहे, सगळा फॉर्मच खोटा. आणि विलास आठ बोटांनी बॅग भरेल. माझ्या एका थापेवर या दोघांचं छप्पर उभं होतं, आणि ती थाप मीच टी.व्ही.वर दाखवायला दिली होती.

विलासनं टेबलावर नवा कोरा फॉर्म ठेवला. ‘लिहा. तुमचं अक्षर चांगलं आहे. साक्षीदार तुम्ही आणि वहिनी.’

मी नावं लिहिली. फ्लॅट नंबर लिहिला. नात्याच्या रकान्याशी पेन थांबलं.

‘लिवा, परेसवरचा,’ सुदाम म्हणाला.

‘प्रेस भंगारात गेली,’ विलास म्हणाला.

‘मग मैतर लिवा.’

‘मित्र त्या सिरीयलमध्ये आहेत. गेटवर हात हलवणारे.’

मी म्हणालो, ‘मी लिहितो की. असं लिहू का, जिवाला जीव देणारा, सुखदुःखाचा—’

‘तात्या,’ विलास म्हणाला, ‘वाढवू नका.’

मग त्यानंच सांगितलं आणि मी लिहिलं: ‘एकत्र राहतात. बत्तीस वर्षं.’ रकाना लहान, शब्द समासात गेले.

विलासनं वाचलं. ‘एकतीस.’

सवयीनं एक वर्ष वाढवलं होतं. खाडाखोड चालत नाही म्हणून दुसरा फॉर्म घेतला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट जेवढी होती तेवढीच लिहिली. सोपं नाही ते. घाम आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं सोसायटीच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी तोच, फळ्यावर श्रद्धांजली लिहिणारा. त्यानं फॉर्म वाचला. नात्याच्या रकान्याशी थांबला. पुन्हा वाचला. जुना फॉर्म काढून शेजारी ठेवला.

‘इथे तर मावसभाऊ होतं.’

सुदाम बोलायला गेला, आवाज फुटला नाही. दवाखान्याच्या खिडकीवर झालं होतं तसं. त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर चार थापा तयार होत्या, एकापेक्षा एक सरस. मी तोंड मिटून उभा राहिलो.

विलास म्हणाला, ‘मावशी नव्हतीच.’

सेक्रेटरीनं चष्मा काढला. दोघांकडे बघितलं. वर पंखा खडखडत होता.

‘मला वाटलंच,’ तो म्हणाला. ‘फोटो मागितला तेव्हाच.’ मग त्यानं जुना फॉर्म फाडला, नव्यावर शिक्का मारायला घेतला, पण पंख्याच्या वाऱ्यानं कागद टेबलावरून निसटायला लागला. ‘अहो, धरा की जरा दोघं.’

विलासनं एका बाजूनं दोन्ही हात ठेवले, एक पाच बोटांचा, एक तीन. सुदामनं समोरून दोन. पण त्याआधी त्यानं विलासच्या डोळ्यांत बघितलं, आणि विलासनं हनुवटी हलवली.

चारही तळवे कागदावर आले. मगच शिक्का खाली आला.